काजूच्या पावत्यांवरून एसक्यूएल: आधी नियम, मग बेरजा

गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात मार्च उजाडला की काजूच्या बिया खरेदीला यायला लागतात आणि मेअखेरपर्यंत वजनकाट्याला उसंत नसते. पोते काट्यावर, आकडा पावतीवर, पावती वहीत, आणि हल्ली वहीतून संगणकात. हा शेवटचा टप्पा मी बरीच वर्षे सांभाळला. आता रविवारी गावातल्या मुलांना तेच काम शिकवतो. बी.कॉम. झालेली, खाण बंद झाल्यावर घरी बसलेली, दुकानाचा हिशेब बघणारी, अशी सगळी येतात. त्यांना शिकवताना जो क्रम उपयोगी पडला, त्याच क्रमाने हे लिहितो आहे.

बहुतेक ठिकाणी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधल्या टेबलांना प्रश्न विचारायची आणि आज्ञा द्यायची भाषा, शिकवताना सुरुवात बेरीज, सरासरी, मोजणी या फंक्शनांपासून होते. कन्स्ट्रेन्ट, म्हणजे टेबलावर घातलेले नियम, शेवटच्या तासाला उरकतात. मी उलट करतो. चुकीची नोंद एकदा आत शिरली की कोणतेही फंक्शन ती ओळखत नाही. ते निमूटपणे बेरीज करून देते, आणि ती बेरीज चुकलेली आहे हे पडद्यावर कुठेच लिहिलेले नसते.

मला हे कसे कळले ते सांगतो. मी हिशेब लिहीत होतो त्या एका खरेदी केंद्रात एप्रिलची बेरीज रोखवहीशी जुळेना. संगणक वजन कमी दाखवत होता. पावत्यांची संख्या मात्र बरोबर, एकही नोंद गहाळ नाही. दोन संध्याकाळी आम्ही पावत्या वहीशी ताडून पाहिल्या. पडद्यावरचा प्रत्येक आकडा वहीसारखाच. शेवटी प्रत्येक नोंदीचा प्रकार, आकडा की अक्षरे, विचारणारी क्वेरी (एसक्यूएलमधला प्रश्न) चालवली तेव्हा उत्तर सापडले. अकरा नोंदींत वजन देवनागरी आकड्यांत पडले होते. त्या दिवशी कीबोर्ड मराठीवर राहिला होता. आपल्याला '४२' दिसते, आपण बेचाळीस वाचतो. एसक्यूलाइट या आमच्या डेटाबेसच्या दृष्टीने ती दोन अक्षरे होती, आणि बेरजेत त्याने त्यांची किंमत शून्य धरली. टेबल बनवताना एक शब्द जास्त लिहिला असता तर पहिल्याच चुकीच्या नोंदीला संगणकाने नकार दिला असता. तो शब्द पुढे येतो.

तयारी

'डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट' हा मोफत प्रोग्राम उतरवून घ्या. एसक्यूलाइटमध्ये सगळा डेटाबेस एका फाइलीत राहतो, सर्व्हर लागत नाही, इंटरनेट नसले तरी चालते. वाळपईच्या पुढे पावसात वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो, म्हणून मी शिकवायला हेच निवडले. इथे शिकलेले बहुतेक सगळे मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसांवरही चालते. जिथे फरक आहे तिथे सांगतो.

'एक्झिक्यूट एसक्यूएल' या टॅबमध्ये आज्ञा लिहायच्या आणि काम झाले की 'राइट चेंजेस' दाबायचे. ते विसरलात तर नोंदी फाइलीत उतरत नाहीत. सर्वांत आधी ही आज्ञा चालवा:

सिलेक्ट एसक्यूलाइट_व्हर्जन();

३.३७ किंवा त्यापुढची आवृत्ती हवी. ती नोव्हेंबर २०२१ मध्ये आली, त्यामुळे आज उतरवलेल्या प्रोग्रामात असतेच.

आता एक महत्त्वाची सूचना. या लेखात आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत, पण 'सिलेक्ट', 'क्रिएट टेबल' यांसारखे एसक्यूएलचे शब्द तुम्ही इंग्रजी स्पेलिंगनेच टाका. टाइप करू लागलात की प्रोग्राम शब्द सुचवतो, त्यामुळे स्पेलिंग अडत नाही. आकडेही इंग्रजी, तारखांतलेसुद्धा. टेबलांची आणि रकान्यांची नावे मात्र एसक्यूलाइटमध्ये देवनागरीत चालतात. तालुके, शेतकरी, खरेदी ही आपली टेबले आणि नाव, क्रमांक, तालुका, फोन, पावती, शेतकरी_क्रमांक, दिनांक, वजन, दर, उचल हे रकाने. एवढे देवनागरीत ठेवा, बाकी सगळे इंग्रजीत.

पहिले टेबल, एकाच रकान्याचे

क्रिएट टेबल तालुके (
नाव टेक्स्ट प्रायमरी की
) स्ट्रिक्ट;

यात गोव्याचे बारा तालुके भरा: पेडणे, बार्देश, तिसवाडी, डिचोली, सत्तरी, फोंडा, धारबांदोडा, मुरगाव, सासष्टी, केपे, सांगे, काणकोण. भरण्याची आज्ञा अशी:

इन्सर्ट इनटू तालुके व्हॅल्यूज ('पेडणे'), ('बार्देश'), ('तिसवाडी');

आणि तशीच पुढची नावे. शब्द नेहमी एकेरी अवतरणात लिहायचे.

एकाच रकान्याचे टेबल कशाला, असे मुले विचारतात. आपल्याकडे एकच तालुका किती तऱ्हांनी लिहिला जातो ते आठवा. मराठीत डिचोली, कोंकणीत दिवचल, आणि रस्त्यावरच्या पाटीवरून उतरवणारा बिचोलिम लिहितो. सासष्टीचे साष्टी होते, फोंड्याचे फोंडें होते. माणसाला हे सगळे एकच वाटते. संगणक मात्र तालुकावार बेरीज करताना डिचोलीच्या तीन वेगळ्या ओळी काढतो आणि तिन्ही बेरजा अपुऱ्या असतात. म्हणून अधिकृत नावांची यादी एकदाच करायची आणि बाकीच्या टेबलांनी त्याच यादीतले नाव घ्यायचे.

प्रायमरी की म्हणजे त्या ओळीची ओळख. ती दोनदा येत नाही आणि रिकामी राहत नाही. 'डिचोली' दुसऱ्यांदा टाकून बघा. 'युनिक कन्स्ट्रेन्ट फेल्ड' असा नकार येईल. या लेखात अशा नकारांची भीती बाळगू नका, ते मुद्दाम मिळवायचे आहेत.

शेवटचा 'स्ट्रिक्ट' हाच तो मघाचा शब्द. एसक्यूलाइट स्वभावाने सैल आहे. रकाना आकड्यांचा म्हणून जाहीर केला तरी त्यात अक्षरे टाकली तर ती तशीच ठेवून घेते. स्ट्रिक्ट लिहिले की ही सवलत बंद होते. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये हा शब्द लागत नाही, कारण तिथे प्रकार बघूनच नोंद घेतली जाते.

दुसरे टेबल: शेतकरी

क्रिएट टेबल शेतकरी (
क्रमांक इंटीजर प्रायमरी की,
नाव टेक्स्ट नॉट नल चेक (लेन्ग्थ(ट्रिम(नाव)) > ०),
तालुका टेक्स्ट नॉट नल रेफरन्सेस तालुके(नाव),
फोन टेक्स्ट युनिक चेक (लेन्ग्थ(फोन) = १०)
) स्ट्रिक्ट;

ओळीने समजून घेऊ. इंटीजर म्हणजे पूर्णांक, टेक्स्ट म्हणजे मजकूर. क्रमांक तुम्ही दिला नाहीत तर एसक्यूलाइट पुढचा आकडा स्वतः देते.

'नॉट नल' म्हणजे रकाना भरलाच पाहिजे. नल म्हणजे 'माहीत नाही'. नल शून्यही नाही आणि रिकामा शब्दही नाही. नावाच्या जागी नुसती स्पेसबार दाबून पुढे जाणारे असतात, आणि ती स्पेस नल नसल्यामुळे 'नॉट नल' तिला अडवत नाही. म्हणून चेकमध्ये, म्हणजे नोंद घेण्याआधी तपासायच्या अटीत, दोन फंक्शने घातली. ट्रिम दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढते, लेन्ग्थ उरलेली अक्षरे मोजते, आणि काहीच उरले नाही तर नोंद नाकारली जाते. फंक्शने फक्त सिलेक्टमध्ये, म्हणजे माहिती विचारताना, वापरायची असतात असा समज इथे मोडतो. नियमात बसवलेले फंक्शन प्रत्येक नोंदीवर आपोआप पहारा देते.

'रेफरन्सेस' ही फॉरेन की. शेतकऱ्याचा तालुका आधीच्या यादीतलाच हवा. पण एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची तपासणी मुळात बंद असते आणि दर वेळी फाइल उघडली की चालू करावी लागते. 'एडिट प्राग्माज' टॅबमध्ये 'फॉरेन कीज'वर खूण आहे ना ते बघा, किंवा ही आज्ञा द्या:

प्राग्मा फॉरेन_कीज;

उत्तर १ आले तर तपासणी चालू, ० आले तर बंद. बंद असेल तर टेबलात रेफरन्सेस लिहिलेला दिसतो आणि 'दिवचल' मात्र बिनदिक्कत आत जातो. नवशिक्याला यात काही बिघडले आहे हे कळतही नाही.

फोन टेक्स्ट का ठेवला? फोनची बेरीज कोणी करत नाही. पिनकोडही तसाच. पणजीचे ४०३००१ किंवा फोंड्याचे ४०३४०१ हे दिसायला आकडे असले तरी त्यांचे काम नावासारखे आहे. ज्याची बेरीज किंवा तुलना करायची नाही ते टेक्स्टमध्ये ठेवावे. सुरुवातीचे शून्य गळून पडण्याचा त्रासही त्यामुळे राहत नाही.

'युनिक'मुळे एकच फोन दोन शेतकऱ्यांच्या नावावर पडत नाही. ज्यांच्याकडे फोनच नाही अशा वयस्क शेतकऱ्यांचे काय? त्यांच्या रकान्यात नल ठेवा. युनिक असूनही नल कितीही वेळा चालतो, कारण एक 'माहीत नाही' दुसऱ्या 'माहीत नाही'शी समान मानला जात नाही. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्येही तसेच आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये मात्र एकच नल चालतो.

आता चार शेतकरी भरा. नावे तुमच्या ओळखीची घाला. तालुका क्रमाने सत्तरी, डिचोली, सत्तरी, पेडणे.

इन्सर्ट इनटू शेतकरी (नाव, तालुका, फोन) व्हॅल्यूज ('इथे नाव', 'सत्तरी', नल);

नलला अवतरण लावू नका. अवतरणात टाकलात तर तो एक साधा शब्द होतो.

तिसरे टेबल: खरेदी

क्रिएट टेबल खरेदी (
पावती इंटीजर प्रायमरी की,
शेतकरी_क्रमांक इंटीजर नॉट नल रेफरन्सेस शेतकरी(क्रमांक),
दिनांक टेक्स्ट नॉट नल चेक (डेट(दिनांक) इज दिनांक),
वजन रिअल नॉट नल चेक (वजन > ०),
दर रिअल चेक (दर > ०),
उचल रिअल नॉट नल डीफॉल्ट ०
) स्ट्रिक्ट;

रिअल म्हणजे दशांश चालणारा आकडा. दर 'नॉट नल' केलेला नाही, आणि तो विचारपूर्वक मोकळा ठेवला आहे. हंगामात माल आधी येतो आणि भाव दोन दिवसांनी ठरतो, असे होते. तेव्हा दर खरोखरच माहीत नसतो. तिथे शून्य लिहिणे खोटे होईल. नॉट नल सगळीकडे लावून टाकावा असे काही जण शिकवतात, पण मग माणसे अडलेला रकाना भरायला शून्य किंवा नऊशे नव्व्याण्णव टाकतात, आणि तो खोटा आकडा सरासरीत मिसळतो. कोणता रकाना अपुरा राहू शकतो हे काट्यावर बसणाऱ्या माणसाला विचारूनच ठरवा.

मग 'चेक (दर > ०)' नलला कसा काय आत सोडतो? चेक फक्त उत्तर 'खोटे' आले तरच नोंद नाकारतो. नलची शून्याशी तुलना केली तर उत्तर खरेही नाही, खोटेही नाही, 'माहीत नाही' येते, आणि 'माहीत नाही'ला चेक वाट देतो. एसक्यूएलमध्ये खरे-खोटे दोनच नाहीत, तीन आहेत. हे एकदा डोक्यात बसले की निम्मी कोडी सुटतात.

दिनांकाच्या नियमात मी बरोबरच्या चिन्हाऐवजी 'इज' का वापरला, तेही याच कारणाने. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहायची: २०२५-०४-०३. अशाने ती टेक्स्ट असूनही क्रमाने लागते. डेट फंक्शन ती वाचून पुन्हा त्याच साच्यात परत देते. ३१ एप्रिल टाकलात तर डेट १ मे देते, दोन्ही जुळत नाहीत, नोंद बाहेर. पण कोणी आपल्या सवयीने ३/४/२०२५ टाकले तर डेटला ते वाचताच येत नाही आणि ते नल देते. बरोबरच्या चिन्हाने तुलना केली असती तर उत्तर 'माहीत नाही' आले असते आणि ती वेडीवाकडी तारीख आत गेली असती. एसक्यूलाइटमधला 'इज' नललाही एक किंमत समजून तुलना करतो, म्हणून उत्तर स्वच्छ 'खोटे' येते. हा नियम लिहून मी स्वतः पहिल्यांदा चिन्हच वापरले होते आणि हंगामाच्या मध्यावर चूक सापडली.

'डीफॉल्ट ०' म्हणजे उचल लिहिली नाही तर शून्य धरा. इथे शून्य खरे आहे, कारण उचल घेतली नसेल तर ती खरोखर शून्यच असते. दराचे तसे नाही.

जुने मायएसक्यूएल वापरत असाल तर जपा. ८.०.१६ च्या आधीच्या आवृत्त्या चेक वाचून घेत आणि काहीही न सांगता सोडून देत.

आता टेबल मोडायचा प्रयत्न करा

खऱ्या नोंदी भरण्याआधी पाच खोट्या टाका: वजन उणे ५, शेतकरी क्रमांक ९९, दिनांक ३/४/२०२५, वजनाचा रकाना नल, आणि कीबोर्ड मराठी करून अवतरणात '४२'. पाचही नाकारल्या गेल्या पाहिजेत. पाचव्याला 'रिअल रकान्यात टेक्स्ट ठेवता येत नाही' अशा अर्थाचा संदेश येईल.

मग हेच टेबल दुसऱ्या नावाने, स्ट्रिक्ट न लिहिता बनवा आणि पाचवी नोंद पुन्हा टाका. ती आत जाते. चेक असूनही जाते, कारण एसक्यूलाइटमध्ये कोणतीही अक्षरे कोणत्याही आकड्यापेक्षा मोठी समजली जातात. म्हणजे 'वजन > ०' हे त्या '४२' साठी खरेच ठरते. हे डोळ्यांनी बघितलेला मुलगा स्ट्रिक्ट लिहायला विसरत नाही. जुन्या फाइलीत असा माल शिरला आहे का ते असे तपासा:

सिलेक्ट टाइपऑफ(वजन), काउंट(*) फ्रॉम खरेदी ग्रुप बाय टाइपऑफ(वजन);

एकच ओळ आली पाहिजे. 'टेक्स्ट'ची ओळ दिसली तर त्या नोंदी हाताने दुरुस्त करायच्या. नंतर नियम घालू म्हणून जे थांबतात त्यांना आधी हीच दुरुस्ती करावी लागते, कारण आतला माल नियमात बसत नसेल तर नियम लागतच नाही.

खऱ्या नोंदी

खालचे दर उदाहरणापुरते आहेत, बाजाराचे नव्हेत.

इन्सर्ट इनटू खरेदी (शेतकरी_क्रमांक, दिनांक, वजन, दर) व्हॅल्यूज
(१, '२०२५-०४-०३', ४२.५, १३०),
(२, '२०२५-०४-०३', ३०, १३०),
(१, '२०२५-०४-१०', १०५, १५०),
(३, '२०२५-०४-१२', १८.५, १५०),
(३, '२०२५-०४-१९', २४, नल);

शेवटच्या पावतीचा भाव अजून ठरलेला नाही. चौथ्या शेतकऱ्याचा माल अजून आलेलाच नाही. या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढचे सगळे त्यांच्यावर आहे.

मोजणी, बेरीज, सरासरी

सिलेक्ट काउंट(*), काउंट(दर), सम(वजन), मिन(वजन), मॅक्स(वजन) फ्रॉम खरेदी;

उत्तर: ५, ४, २२०, १८.५, १०५. काउंट(*) ओळी मोजते. काउंट(दर) ज्या ओळींत दर माहीत आहे तेवढ्याच मोजते. या दोहोंतला फरक म्हणजे भाव न ठरलेल्या पावत्या. त्या पावत्या बघायच्या तर:

सिलेक्ट * फ्रॉम खरेदी व्हेअर दर इज नल;

इथे 'दर = नल' लिहिलेत तर एकही ओळ येणार नाही आणि चूकही दाखवली जाणार नाही. कारण तेच, माहीत नसलेले माहीत नसलेल्याशी ताडता येत नाही.

आता सरासरी दर. अ‍ॅव्हरेजला इंग्रजीत तीनच अक्षरे, एव्हीजी.

सिलेक्ट एव्हीजी(दर) फ्रॉम खरेदी;

उत्तर १४०. एव्हीजीने नल सोडून चार दरांची सरासरी काढली. गणित बरोबर आहे, प्रश्न चुकला आहे. आपण सरासरी किती भाव दिला हे विचारायचे असेल तर एकशे पाच किलोची पावती आणि साडेअठरा किलोची पावती सारख्या तोलाची कशी धरणार? वजनाने तोलावे लागते:

सिलेक्ट राउंड(सम(वजन * दर) / सम(वजन), २) फ्रॉम खरेदी;

हे चालवले तर १२७.०५ येते. सर्वांत कमी भाव १३० असताना सरासरी त्याच्याही खाली कशी? मुलांना मी इथे थांबवतो आणि कागदावर करायला लावतो. वजन गुणिले दर केल्यावर शेवटच्या ओळीत नल येतो, कारण माहीत नसलेल्याने गुणले की उत्तरही माहीत नसते, आणि सम तो सोडून देते. वर आले २७९५०, चार पावत्यांचे. खाली मात्र वजन पाचही पावत्यांचे, २२०. वरचे आणि खालचे दोन वेगळ्या ढिगांतले झाले. ढीग एक करा:

सिलेक्ट राउंड(सम(वजन * दर) / सम(वजन), २) फ्रॉम खरेदी व्हेअर दर इज नॉट नल;

२७९५० भागिले १९६, उत्तर १४२.६. हा खरा सरासरी भाव. तीन क्वेऱ्या, तीन उत्तरे, आणि तिन्हींत संगणकाने एकदाही तक्रार केली नाही.

भागाकाराचा आणखी एक चकवा. एसक्यूलाइटमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की उत्तरही पूर्णांकच येते. किती पावत्यांचा भाव ठरला हे काउंट(दर) / काउंट(*) असे विचारलेत तर चार भागिले पाचचे शून्य येईल. एका बाजूला १.० ने गुणा, ०.८ येते.

गट पाडणे

तालुकावार वजन हवे तर दोन टेबले जोडावी लागतात:

सिलेक्ट शेतकरी.तालुका, सम(खरेदी.वजन)
फ्रॉम खरेदी जॉइन शेतकरी ऑन शेतकरी.क्रमांक = खरेदी.शेतकरी_क्रमांक
ग्रुप बाय शेतकरी.तालुका;

सत्तरी १९०, डिचोली ३०. डिचोलीची एकच ओळ आली, ती तालुक्यांच्या त्या एका रकान्याच्या टेबलामुळे.

शंभर किलोच्या वरचे तालुकेच हवे असतील तर शेवटी 'हॅविंग सम(खरेदी.वजन) > १००' जोडा. व्हेअर आणि हॅविंगमध्ये पोरे गोंधळतात. व्हेअर पोते काट्यावर चढण्याआधी निवडते, हॅविंग सगळी पोती तोलून ढीग झाल्यावर ढिगांतून निवडते. म्हणून बेरजेवरची अट नेहमी हॅविंगमध्ये.

आता सगळ्या शेतकऱ्यांची यादी, माल न आणलेल्यांसकट:

सिलेक्ट शेतकरी.क्रमांक, काउंट(खरेदी.पावती), कोअलेस(सम(खरेदी.वजन), ०)
फ्रॉम शेतकरी लेफ्ट जॉइन खरेदी ऑन शेतकरी.क्रमांक = खरेदी.शेतकरी_क्रमांक
ग्रुप बाय शेतकरी.क्रमांक;

पहिल्याच्या पावत्या २, वजन १४७.५. दुसरा १ आणि ३०. तिसरा २ आणि ४२.५. चौथा ० आणि ०. लेफ्ट जॉइन डावीकडच्या टेबलातला एकही माणूस गाळत नाही. ज्याची पावती नाही त्याच्यापुढे नल ठेवतो. काउंट(*) लिहिले असते तर चौथ्याची एक पावती दिसली असती, कारण ओळ तर एक आहे. आणि काहीच नसलेल्याची सम शून्य न येता नल येते, म्हणून कोअलेस. ते कंसातली पहिली नल नसलेली किंमत उचलते.

कोअलेस इथे शोभते, कारण माल न आणणाऱ्याचे वजन खरोखर शून्य आहे. तेच कोअलेस(दर, ०) असे लिहून सरासरी काढलीत तर ११२ येईल आणि ते असत्य असेल.

मराठी मजकुरावरची फंक्शने

अपर आणि लोअर आपल्याला निरुपयोगी, देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही. ट्रिमचे काम वर पाहिले. लेन्ग्थबद्दल मात्र जाणून असावे.

सिलेक्ट लेन्ग्थ('सत्तरी');

आपण म्हणू स, त्त, री, म्हणजे तीन अक्षरे. उत्तर ६ येते. संगणकासाठी स, त, हलन्त, त, र आणि दीर्घ ईकार असे सहा भाग आहेत. मायएसक्यूएलमध्ये तर लेन्ग्थ बाइट मोजते आणि १८ देते, कारण यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक भाग तीन बाइट घेतो. तिथे सहा हवे तर कॅर_लेन्ग्थ वापरतात. म्हणून मराठी नावाच्या रकान्यावर 'वीस अक्षरांपर्यंतच' अशी घट्ट मर्यादा घालू नका. गोव्यात पूर्ण नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव लिहिले की ती सहज ओलांडली जाते.

सब्स्टर तुकडा कापते. सब्स्टर('सत्तरी', १, ३) चे उत्तर 'सत्' येते, जोडाक्षर मधोमध कापले जाते. मराठी नावे कापायला ते वापरू नका, तारखांना वापरा. सब्स्टर(दिनांक, १, ७) ने वर्ष-महिना मिळतो आणि त्यावर ग्रुप बाय करून महिनावार खरेदी निघते.

खोडणे आणि बदलणे

डिलीट फ्रॉम शेतकरी व्हेअर क्रमांक = १;

फॉरेन की चालू असेल तर हे नाकारले जाते, कारण त्याच्या दोन पावत्या आहेत. 'ऑन डिलीट कॅस्केड' लिहून हा अडथळा दूर करता येतो, मग शेतकऱ्याबरोबर त्याच्या पावत्याही जातात. हिशेबाच्या टेबलात ते कधीही लिहू नये असे माझे ठाम मत आहे. पैसे दिलेली पावती पुसायची नसते.

अपडेट करताना व्हेअर विसरलात तर सगळ्या ओळी बदलतात. म्हणून मी आधी त्याच व्हेअरने सिलेक्ट करून बघायला लावतो, ओळ एकच आली की मग बदल. पाचव्या पावतीचा भाव ठरला समजा:

सिलेक्ट * फ्रॉम खरेदी व्हेअर पावती = ५;
अपडेट खरेदी सेट दर = १५० व्हेअर पावती = ५;

बदल चुकला आणि 'राइट चेंजेस' अजून दाबले नसेल तर 'रिव्हर्ट चेंजेस' दाबून मागे जाता येते.

आता मोजणीची आणि तोललेल्या सरासरीची क्वेरी पुन्हा चालवा. काउंट(दर) पाच आले पाहिजेत, एकूण रक्कम ३१५५०, आणि सरासरी भाव १४३.४१, मग शेवटी 'इज नॉट नल' लिहा किंवा न लिहा.